कॅटेना-एक्सचा कनेक्टर: काही महिने चालवल्यावर, पुरवठादाराच्या बाजूने

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या ज्या फोर्जिंग-मशिनिंगवाल्यांना जर्मन ग्राहकाकडून ‘पार्टचा कार्बन फुटप्रिंट यापुढे कॅटेना-एक्समधून द्या’ असा मेल आला असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्याकडे कनेक्टर, म्हणजे आमच्या आणि ग्राहकाच्या सिस्टीममध्ये डेटाची देवाणघेवाण करणारं सॉफ्टवेअर, आता रोजच्या वापरात आहे. विकणाऱ्याने सांगितलेलं निम्मं खरं निघालं, पण जिथे अपेक्षा नव्हती तिथे.

व्यवस्था थोडक्यात अशी. कॅटेना-एक्स ही बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, बॉश, एसएपी वगैरेंनी २०२१ मध्ये उभी केलेली मोटार उद्योगाची डेटा देवाणघेवाणीची चौकट. तिचा पाया त्याआधीचा, फ्राउनहोफर संस्थेच्या कामातून निघालेल्या आणि २०१६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल डेटा स्पेसेस असोसिएशनच्या संदर्भ-आराखड्यात. मध्ये कुणाचं गोदाम नाही, ज्याचा डेटा त्याच्याकडेच. ग्राहकाचा कनेक्टर आमच्या कनेक्टरकडे कॅटलॉग (कोणता डेटा मिळू शकतो त्याची यादी) मागतो, अटी बघतो, करार होतो, त्याची दोन्हीकडे नोंद राहते आणि मग माहिती थेट त्यांच्याकडे जाते. समोर कोण आहे हे बीपीएन (प्रत्येक कंपनीला दिलेला ओळख क्रमांक) आणि डिजिटल वॉलेटमधल्या प्रमाणपत्रांवरून ठरतं.

फायदा पहिल्यांदा जाणवला तो एक्सेल कमी झाल्याचा. पूर्वी एकाला आकडा किलोमागे हवा, दुसऱ्याला नगामागे. एक वाहतूक धरायचा, दुसरा नाही. आता पीसीएफचं, म्हणजे पार्टच्या कार्बन फुटप्रिंटचं, डेटा मॉडेल एक, हिशेबाचं नियमपुस्तक एक आणि हद्दही एकच, कच्च्या मालापासून आमच्या गेटपर्यंत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार आपल्याकडे विजेच्या युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. त्यामुळे इंडक्शन हीटिंगवर तापवलेल्या आमच्या पार्टचा आकडा युरोपातल्या स्पर्धकापेक्षा फुगलेला दिसणारच. निदान आता तो सारख्या मापाने फुगलेला दिसतो, आणि छतावरच्या सोलरचा फायदाही त्याच मापात धरला जातो.

आमची खरी भीती मात्र वेगळीच होती. नगामागे किती युनिट वीज, किती वजनाचं बिलेट (फोर्जिंगसाठी कापलेला धातूचा तुकडा), किती स्क्रॅप, हे ग्राहकाला कळलं की त्याचा पर्चेसवाला आमची कॉस्टशीट घरबसल्या मांडतो आणि वार्षिक प्राइस-डाउनच्या बैठकीत आमच्याच पुढ्यात टाकतो. विक्रेता म्हणाला, काळजी नको, पॉलिसी आहे ना. पॉलिसी आहेच. हा डेटा कोणत्या हेतूसाठी, कोणत्या चौकट-कराराखाली, कोणत्या बीपीएनला द्यायचा, हे ओडीआरएल नावाच्या, अटी मशीनला वाचता येतील अशा भाषेत लिहिलेलं असतं आणि करार होताना तपासलं जातं. पण ही तपासणी दारातच संपते. आकडा त्यांच्या सिस्टीममध्ये उतरल्यावर पर्चेस खात्याने तो उघडू नये म्हणून कनेक्टर काही करत नाही. तिथून पुढे फक्त कागदावरचा करार आणि वकील. मूळ आराखड्यात घेणाऱ्याच्या बाजूलाही वापरावर लगाम ठेवणाऱ्या प्रमाणित कनेक्टरचं मोठं स्वप्न होतं. रोजच्या कामात ते आम्हाला कुठे भेटलं नाही.

आम्हाला वाचवलं ते डेटा मॉडेलने. त्यात पार्टचा एकूण आकडा द्यायचा असतो, बिलेटचं वजन कुणी विचारतच नाही, आणि जे विचारलंच नाही ते फुटत नाही. एका ग्राहकाने ‘सोबत विजेचा तपशीलही जोडा’ म्हटलं तेव्हा ‘स्टँडर्डमध्ये नाही’ एवढं उत्तर पुरलं. एरवी असं उत्तर द्यायची आमची टाप नव्हती. म्हणून कोणता रकाना ठेवायचा आणि कोणता नाही हे जिथे ठरतं, त्या समित्यांमध्ये आपल्याकडच्या पुरवठादारांनी बसायला हवं असं मला वाटतं. एन्क्रिप्शनची चर्चा करायला माणसं कमी नाहीत.

आता त्रास. पॉलिसी जुळली नाही तर समोरच्याला कॅटलॉग रिकामा दिसतो, एरर येत नाही. ज्याला हक्क नाही त्याला वस्तू आहे हेसुद्धा कळू नये, हा त्यामागचा विचार, आणि तो पटतो. पण ज्याला हक्क आहे त्यालाही रिकामं दिसलं की दोन्हीकडचे आयटीवाले फोनवर ‘तुमच्याकडूनच प्रॉब्लेम आहे’ म्हणत बसतात. शिवाय पाया अजून हलता आहे. ओळख पटवायची आधीची केंद्रीय टोकन पद्धत, डॅप्स, जाऊन वॉलेट आलं, प्रोटोकॉलच्या आवृत्त्याही बदलत राहिल्या.

कुबरनेटीस (सर्व्हरवर असे प्रोग्रॅम चालते ठेवणारी प्रणाली) सांभाळणारा माणूस घरात नसेल तर कनेक्टर स्वतः चालवायच्या फंदात पडू नका. आम्हीही भाड्यानेच घेतलाय. अर्थात मग ‘डेटा तुमच्याच ताब्यात’ हे वाक्य विक्रेत्याच्या क्लाउडवर उभं राहतं. त्यावर तोड अशी काढली. कनेक्टरचे दोन भाग असतात, एक बोलणी करणारा कंट्रोल प्लेन आणि दुसरा प्रत्यक्ष माहिती पोचवणारा डेटा प्लेन. पहिला विक्रेत्याकडे, दुसरा आमच्या सर्व्हर रूममध्ये. दर थोडा वाढला, पण एवढ्यासाठी मी तो आनंदाने देतो.

जपानी ग्राहक अजून एक्सेलच पाठवतो. जपानने २०२३ मध्ये ऊरानोस नावाची स्वतःची चौकट काढलीय, म्हणजे उद्या तीही दारात येणार असं धरून चाललोय.

यंदा नूतनीकरणाच्या करारात विक्रेत्याकडे दोन अटी टाकल्यात. नवी आवृत्ती आली की जुनी काही काळ सोबत चालू ठेवायची. आणि आम्ही सोडून गेलो तर झालेल्या सगळ्या करारांच्या नोंदी वाचता येतील अशा फाइलमध्ये परत द्यायच्या. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीवर अजून मेल चालू आहेत.