रॉसवेलचं यूएफओ म्युझियम: फुलाफुलांच्या चिकटपट्टीसाठी तरी जाऊन याच

आधीच सांगून टाकते, परग्रहावरचे लोक खरंच आले होते का याचा निकाल लावायला मी गेलेच नव्हते. नागपूरला एम.ए. करताना लोकसाहित्याचा पेपर घेतला होता, तेव्हापासून दंतकथा म्हटलं की मला राहवत नाही, आणि रॉसवेल, म्हणजे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधलं ते गाव जिथे १९४७ साली यूएफओ, म्हणजे उडती तबकडी पडली असं सांगतात, ती म्हणजे तारीखवार, छापील पुराव्यासकट वाढत गेलेली दंतकथा आहे, अशी दुसरी मला तरी माहीत नाही. आपल्याकडच्या दंतकथांचं कसं असतं, पहिल्यांदा कोणी सांगितली, कधी सांगितली, काही पत्ता लागत नाही, इथे मात्र पहिला दिवस माहीत आहे, पहिला माणूस माहीत आहे, मधे कोणी काय भर घातली तेही माहीत आहे. म्हणून गेली चार वर्षं टेक्सासमधल्या एल पासोला राहून जायचं जायचं चाललं होतं, शेवटी या मार्चमध्ये बाबा गावाकडून आले तेव्हा योग आला.

एल पासोहून साधारण साडेतीन तासांचा रस्ता आहे. व्हाइट सँड्सची पांढरी वाळू, मग अलामोगोर्डो, मग रुइडोसोचा डोंगर चढून उतरलं की सपाट माळरान आणि रॉसवेल. अलामोगोर्डोला पाच मिनिटं का होईना थांबा, कारण गोष्ट खरं तर तिथूनच सुरू होते, ते पुढे सांगते. रॉसवेलमध्ये शिरलं की मेन स्ट्रीटवरच्या दिव्यांच्या गोळ्यांना परग्रहवासीयांचे तिरपे काळे डोळे काढलेले, मॅकडोनाल्ड्स तबकडीच्या आकाराचं, दुकानांच्या काचेत हिरवी बाहुली. बाबा म्हणाले, "जत्रेच्या गावासारखंच दिसून राह्यलं हे." अगदी बरोबर बोलले. जुलैच्या सुरुवातीला इथे दरवर्षी उत्सवही भरतो, तेव्हा गर्दी खूप असते, निवांत बघायचं तर ते दिवस टाळा.

म्युझियम मेन स्ट्रीटवरच एका जुन्या सिनेमा थिएटरमध्ये आहे. तिकीट परवडणारं, आत फोटो काढू देतात, आणि वाचायला भरपूर आहे, खरंच भरपूर, भिंतीच्या भिंती कात्रणं, पत्रं, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं. मुलांसाठी फिरणारी तबकडी आहे, धूर सोडते, समोर उभे असलेले परग्रहवासी आहेत, एका खोलीत टीव्ही फिल्मच्या शूटिंगसाठी बनवलेला परग्रहवासीयाचा पुतळा स्ट्रेचरवर ठेवलाय. तिथे सगळे सेल्फी काढतात, काढा तुम्हीपण. पण मग परत फिरून १९४७ च्या पेपरसमोर या आणि तिथे अर्धा तास द्या, म्युझियमचा जीव तिथे आहे.

८ जुलै १९४७ चा रॉसवेल डेली रेकॉर्ड. हवाई तळाने रॉसवेल भागातल्या रँचवर उडती तबकडी पकडली, अशी हेडलाइन. हे त्या पेपरने स्वतःच्या मनाने नाही लिहिलेलं, लष्कराच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने, वॉल्टर हॉट त्यांचं नाव, तसं अधिकृत पत्रकच काढलं होतं. आणि तळ तरी कुठला, तर ५०९ वा बॉम्ब ग्रुप, त्या वेळी अणुबॉम्ब टाकू शकणारी जगातली एकमेव तुकडी. लोकांनी विश्वास का ठेवू नये? त्याच संध्याकाळी टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला वरिष्ठ अधिकारी जनरल रेमींनी सांगितलं की हा हवामानाचा बलून आहे, आणि विषय मिटला.

आता माझी मेन टीप. ८ जुलैचं पान सगळे बघतात, पण घरून निघताना ९ जुलैची बातमी शोधून प्रिंट काढून सोबत न्या, मी नेली होती. त्यात ज्याला ते अवशेष सापडले त्या मॅक ब्रेझेल नावाच्या रँचवाल्याची मुलाखत आहे आणि ती वाचताना मला अक्षरशः आपल्याकडचा एखादा शेतकरी समोर बोलतोय असं वाटलं. १४ जूनला आठ वर्षांच्या पोरासोबत फिरताना त्याला रबराच्या पट्ट्या, चंदेरी कागद, जाडसर कागद आणि काड्या असा पसारा दिसला, कामाच्या घाईत त्याने लक्ष दिलं नाही, ४ जुलैला बायकोमुलांना घेऊन जाऊन गोळा केलं. मग गावात कोणाकडून तरी ऐकलं की आकाशात तबकड्या दिसतायत, आणि सोमवारी लोकर विकायला रॉसवेलला आला तेव्हा शेरीफच्या कानात हळूच सांगितलं की बहुतेक मला त्यातलीच एक सापडलीय. सगळं मिळून वजन किती, तर त्याच्या अंदाजाने पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलो. आणि त्या मुलाखतीत एक ओळ आहे, की त्या सामानाला चिकटपट्टी लावलेली होती आणि काही पट्टीवर फुलं छापलेली होती.

ही फुलांची पट्टी लक्षात ठेवा. कारण पुढे तीसेक वर्षं रॉसवेलचं कोणी नावही काढत नाही, १९७८ साली मेजर जेसी मार्सेल, ज्यांनी ते अवशेष रँचवरून उचलून आणले होते, ते म्हणाले की ती वस्तू या पृथ्वीवरची नव्हती. आणि त्यांचा मुलगा, जो तेव्हा दहा वर्षांचा होता, त्याला आठवत होतं ते म्हणजे त्या अवशेषांतल्या छोट्या तुळईवरची जांभळट चिन्हं, प्राचीन चित्रलिपीसारखी. १९९४ ला हवाई दलाचा अहवाल आला. त्यानुसार अलामोगोर्डोहून न्यूयॉर्क विद्यापीठाचे लोक मोगल नावाच्या गुप्त प्रोजेक्टसाठी बलूनच्या माळा सोडत होते, सहाशे फुटांपेक्षा लांब माळ, त्याला मायक्रोफोन, रशियाने अणुचाचणी केली तर तिचा आवाज वरच्या हवेतून ऐकू यावा म्हणून. रडारला माळ दिसावी म्हणून चंदेरी कागदाचे रिफ्लेक्टर लावायचे, आणि ते एका खेळण्यांच्या कारखान्यात बनले होते, तिथे होती ती गुलाबी-जांभळी नक्षीची टेप त्यांनी चिकटवायला वापरली. त्या टीममधल्या माणसालाच ती नक्षी आठवत होती, कारण तेव्हा सगळे त्यावरून हसायचे.

म्हणजे बघा ना, एकच चिकटपट्टी. १९४७ ला रँचवाल्याला ती फुलं दिसली, तीस वर्षांनी तीच चित्रलिपी झाली. यात खोटं कोण बोललं? माझ्या मते कोणीच नाही. मुलाने जांभळी चिन्हं पाहिली होती, पाहिलीच होती. सरकारने काहीतरी लपवलं होतं असं गाव म्हणत होतं, तेही खरंच निघालं, लपवलं होतंच, फक्त ते यान नव्हतं. लोकसाहित्याच्या वर्गात आमच्या मॅडम सांगायच्या की दंतकथेला ठिकाण असतं, काळ असतो, आणि ती खरी म्हणूनच सांगितली जाते, ऐकणाऱ्याने मानली नाही तरी चालेल पण वाद घालायला हवा, त्या वादावरच ती जगते. तेव्हा मी हे परीक्षेपुरतं लिहिलं होतं, कळलं ते इथे उभं राहून.

आणि परग्रहवासीयांचे जे मृतदेह सापडले म्हणतात ते? १९४७ च्या पेपरात एकही नाही. ते सगळे नंतर आले. १९९७ च्या दुसऱ्या अहवालात हवाई दल म्हणतं की पॅराशूटच्या चाचण्यांसाठी टाकलेले पुतळे लोकांनी पाहिले असतील, पण ते पुतळे टाकले १९५० च्या दशकात, त्यामुळे पुष्कळ लोकांना हे पटत नाही आणि त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, आठवणी एकमेकींत मिसळतात हे खरं पण नुसतं तेवढं सांगून समोरच्या माणसाचं समाधान होत नाही. ते पत्रक काढणारे वॉल्टर हॉट, त्यांनीच पुढे अजून दोघांसोबत हे म्युझियम काढलं, १९९२ मध्ये उघडलं. वर्षानुवर्षं ते म्हणायचे मी फक्त पत्रक लिहिलं. २००५ ला ते गेले आणि त्यांच्यामागे उघडलेल्या प्रतिज्ञापत्रात होतं की त्यांनी यान आणि मृतदेह स्वतः पाहिले होते. गोष्ट सांगणारा माणूस आयुष्यभर त्या गोष्टीच्या घरात राहिला आणि शेवटी तिच्या आतच गेला. हे वाचून मी बराच वेळ तिथल्या बाकावर बसून होते.

तबकडी या शब्दाचंही असंच आहे. २४ जून १९४७ ला केनेथ अर्नोल्ड नावाच्या पायलटला माउंट रेनियरजवळ नऊ वस्तू उडताना दिसल्या, त्याने सांगितलं की पाण्यावर बशी फेकली की ती जशी टप्पे घेत जाते तशा त्या जात होत्या. म्हणजे आपण तळ्यात खापरीने भाकऱ्या काढतो ना, तसं. तो चाल सांगत होता, पेपरवाल्यांनी तो आकार धरला, बशी झाली, आणि मग सगळ्यांना बश्याच दिसायला लागल्या, आपल्या भाषेतली उडती तबकडी तिथूनच आलेली आहे. दीड-दोन आठवड्यांत ही बातमी देशभर फिरून ब्रेझेलच्या कानावर गेली नसती तर त्याने ते गाठोडं शेरीफकडे नेलंच नसतं बहुतेक, कारण आधी दोनदा त्याला बलून सापडले होते आणि तेव्हा तो काही बोलला नव्हता.

परग्रहवासीयांनी माणसं पळवून नेल्याच्या गोष्टी वाचताना तर मला आजी आठवली. बेटी आणि बार्नी हिल हे अमेरिकन जोडपं, १९६१ च्या सप्टेंबरातली रात्र, न्यू हॅम्पशायरच्या डोंगरातून कार घेऊन घरी निघाले, मागे एक दिवा लागला, आणि घरी पोचल्यावर लक्षात आलं की दोनेक तास कुठे गेले ते आठवतच नाही. आजी सांगायची तो चकवा असाच. रोजची वाट, माणूस रात्रभर त्याच बांधाभोवती फिरतो, उजाडलं की घर शंभर पावलांवर, मधली रात्र गायब. चकवा लागला की जागच्या जागी बसून राहायचं म्हणायची. जाक व्हाले या फ्रेंच संशोधकाने १९६९ लाच परी-यक्षांच्या जुन्या गोष्टी आणि या नव्या साक्षी शेजारी-शेजारी ठेवून दाखवल्या होत्या, त्यात आपला चकवा कोणी तरी नीट नोंदवून घालायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कोणी पीएचडीला विषय शोधत असेल तर प्लीज घ्या, गावोगावची म्हातारी माणसं आहेत तोवर घ्या.

प्रॅक्टिकल गोष्टी पटकन. दोन-अडीच तास ठेवा, तुम्ही वाचणारे असाल तर तीन. इंग्रजी फारसं न येणाऱ्या आईवडिलांना नेणार असाल तर आधी घरी गोष्ट सांगून ठेवा, नाहीतर त्यांना नुसती बाहुलीच दिसतील. आत लायब्ररी आहे, रस असेल तर तिथे वेळ काढा. जेवायला न्यू मेक्सिकोची भाजलेली हिरवी मिरची घातलेलं काहीही मागवा, आपल्या जिभेला चालतं. पाचपैकी पाच देतेय मी.

बाबा मात्र ब्रेझेलच्या फोटोपाशी अडकले होते. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, सिंदेवाहीकडचं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, आकाशातून जळते लोळ गेले होते आणि लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं होतं, आठवत असेल तुम्हाला, टीव्हीवर सगळीकडे होतं. चिनी रॉकेटचा तुकडा निघाला, इस्रोची माणसं येऊन बघून गेली. बाबा तेव्हा अंगणात होते. ते तेव्हापासून प्रत्येकाला सांगतात, इथेही शेजारच्या मेक्सिकन काकांना हातवारे करून सांगून झालं, की सात दिवे एका रांगेत, जराही आवाज नाही, कुत्री चूप, आणि आपल्याच घरावर येऊन क्षणभर थांबले. ब्रेझेलची मुलाखत मी मराठी करून सांगितली, यापुढे बॉम्ब सोडून दुसरं काही सापडलं तर मी तोंडच उघडणार नाही असं तो शेवटी म्हणतो ते सांगितलं, तर बाबा म्हणाले, "बिचाऱ्याले लोकायनं लयच तरास देल्ला असन."

पार्किंगमध्ये आल्यावर मला आठवलं की त्या रात्री त्यांनी मला व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवली होती. स्क्रोल करत करत काढली. सोळा सेकंदांची आहे. मागे आईचा आवाज, कुत्र्यांचं भुंकणं, आणि बाबा घाईघाईत सांगतायत की अगं विमान जळत गेलं वाटते, तीन-चार तुकडे दिसले, बातम्या लाव.

कारचं दार उघडं ठेवून त्यांनी ऐकली. परत लाव म्हणाले. परत लावली.

"मी विमान म्हटलो होतो?"

हो बाबा.

बराच वेळ काही बोलले नाहीत, रुइडोसोचा चढ लागला तेव्हा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पण थांबले होते ते, पोरी. आपल्या घरावर थांबले होते."