३६ जिल्ह्यांचा तक्ता, १३ ओळींची पीडीएफ

आढावा बैठकीसाठी मी डॅशबोर्डावरून (आकडे, तक्ते, आलेख एकत्र दाखवणाऱ्या वेबपानावरून) काढलेल्या पीडीएफमध्ये जिल्हानिहाय तक्ता हिंगोलीवर संपला होता. इंग्रजी आद्याक्षरांनी लावलं तर हिंगोली तेरावा येतो. जळगावपासून यवतमाळपर्यंतचे २३ जिल्हे स्क्रोलबारखाली राहिले. तळाची 'एकूण' मात्र ३६ जिल्ह्यांची, अगदी बरोबर! म्हणून कोणालाच शंका आली नाही. एका लेखापालांनी सवयीने कॅल्क्युलेटर घेतला, तेव्हा बेरीज जुळेना.

तेव्हापासून डॅशबोर्डावरचा तक्ता कागदावर उतरवायचा मार्ग निवडताना मी आधी एवढंच बघतो: ओळी गळल्या तर कागदावर ते कळेल का?

ब्राउझरचं कंट्रोल+पी सगळ्यांत हाताशी, आणि या कसोटीवर सगळ्यांत बेभरवशाचं. तक्ता पानाबरोबर खाली वाढणारा असेल तर छान छापला जातो. पण डॅशबोर्डावर तो बहुधा ठरावीक उंचीच्या चौकटीत असतो आणि चौकटीत दिसेल तेवढाच कागदावर येतो. काही तक्ते तर स्क्रोल केल्यावरच पुढच्या ओळी पानात भरतात. तिथे छपाईसाठी वेगळी सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारा कोड) लिहूनही हाती काही लागत नाही. शिवाय 'बॅकग्राउंड ग्राफिक्स'वर टिक नसेल तर लाल-हिरवे रकाने पांढरे होतात.

पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या डॅशबोर्ड बनवायच्या साधनाचा नेहमीचा पीडीएफ एक्स्पोर्ट दिसायला नेटका. आलेख दाखवायचे असतील तर तोच घ्या. लांब तक्त्याला मात्र तो कामाचा नाही, कारण तोही स्क्रीनवर दिसतं तेवढंच उतरवतो. त्याच घरातला पॅजिनेटेड रिपोर्ट वेगळ्या जातीचा. हजार ओळी असल्या तर हजारही छापतो, पानांमागून पानं. तो बनवायचा रिपोर्ट बिल्डर मोफत मिळतो, पण पहिले दोन दिवस डोकं खातो. आमच्याकडे दर दुसरं पान कोरं यायचं. कारण साधं होतं: ए४ची रुंदी २१ सेंमी, दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी समास, म्हणजे मजकुराला उरले १८; आणि आमचा आराखडा होता साडेअठराचा. शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर यावी म्हणूनही वेगळी सेटिंग शोधावी लागते. एकदा बसवलं की दर महिन्याला बटण दाबायचं, बस्स.

एक्सेल हा मधला रस्ता. पॉवर बीआयमधून एका तक्त्याचा डेटा एक्सेलमध्ये १,५०,००० ओळींपर्यंत उतरतो, सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) ३०,०००. पुढे 'प्रिंट टायटल्स'मध्ये शीर्षकाची ओळ द्यायची, रुंदी १ पान ठेवायची आणि उंची 'ऑटोमॅटिक'. उंचीही १ केलीत तर मुंग्यांएवढी अक्षरं येतील. आलेख सोबत येत नाहीत, पण रकाना अरुंद पडला तर एक्सेल आकड्याऐवजी #### छापतं. हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपपुरता ठीक. त्यात शोधता येत नाही, आणि ए४वर तोडताना पानाची कड नेमकी एखाद्या ओळीच्या मधून जाते.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक तपासा. काही डॅशबोर्डांचं 'डाउनलोड पीडीएफ' बटण जेएसपीडीएफसारख्या लायब्ररीवर (पीडीएफ बनवणाऱ्या तयार कोडवर) चालतं. तिला देवनागरीची जुळणी येत नाही: 'किनवट'चं 'कनिवट' दिसतं, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. क्रोमची स्वतःची छपाई इथे बरी.

तर, अहवाल दर महिन्याचा असेल तर पॅजिनेटेडवर दोन दिवस घाला. उद्या सकाळी एकदाच हवा असेल तर एक्सेल. दोन्हीकडे पहिला रकाना 'अ. क्र.' ठेवा आणि 'एकूण'च्या शेजारी ओळींची संख्या छापा. शेवटचा क्रमांक १३ आणि खाली ३६ असं दिसलं, तर कॅल्क्युलेटर काढावा लागणार नाही.