आठ तारखेलाच लिहून ठेवलेलं एकोणीस तारखेचं बीपी

माझी आई ८१ वर्षांची आहे. कोथरूडला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर वॉकर धरून ती घरातल्या घरात फिरते, पण जिना कायमचा बंद झाला. त्यात हृदय कमजोर. दिवसाला सव्वा लिटरच्या वर पाणी नाही, मीठ कमी, रोज सकाळी लघवीची गोळी. दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चार जणांनी उचलून उतरवायचं. एकदा तसं नेलं तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती भीतीने रडायला लागली. "मला परत असं नेऊ नकोस," म्हणाली. ते शब्द माझ्या मनात घर करून बसले होते, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

मी ठाण्याला असते, बँकेत नोकरी. भाऊ न्यू जर्सीत. आईजवळ ब्युरोतून आलेली मावशी चोवीस तास असते. आमचे जुने फॅमिली डॉक्टर पूर्वी स्कूटरवरून घरी यायचे, पण वय झाल्यामुळे त्यांनी दवाखानाच बंद केला. नवीन डॉक्टरांना विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच, पेशंटला घेऊन या.

अशात सोसायटीच्या ग्रुपवर एका होमकेअर कंपनीची जाहिरात आली. महिन्यातून दोनदा डॉक्टर घरी, दर गुरुवारी बीपी-शुगर, महिन्याला रक्ततपासणी. तीन महिन्यांचे २४,००० रुपये आगाऊ. पैसे कंपनीच्या खात्यात नाही, एका व्यक्तीच्या यूपीआयवर भरायला सांगितले. तिथेच मी थांबायला हवं होतं. मार्केटिंगच्या माणसाने असंही सांगितलं की आईचं आयुष्मान वय वंदना कार्ड असेल तर हे पैसे परत मिळतात. हे साफ खोटं आहे. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना २०२४ पासून ते कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षणही आहे, पण ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. घरी येणाऱ्या डॉक्टरची फी त्यात बसत नाही.

जे 'डॉक्टर' यायचे ते पस्तिशीचे, शांत बोलणारे. बूट बाहेर काढून यायचे, आईला "आजी" म्हणायचे, अर्धा अर्धा तास बसायचे. आई तीस वर्षं शाळेत शिकवत होती. त्यांनी तिच्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी ऐकल्या, नावं लक्षात ठेवली. दिवसभर चार भिंतींत बसलेल्या माणसाला याचं किती मोल असतं हे घरात असं म्हातारं माणूस असलेल्यांनाच कळेल. आठवड्याचं बीपीही तेच बघायचे, नर्स कधी आलीच नाही. आई गुरुवारी सकाळपासून चांगली साडी नेसून वाट बघायची. मला बरं वाटायचं.

एकदा ते आलेले असताना मी व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनी बीपीचा पट्टा आईच्या स्वेटरच्या बाहीवरूनच गुंडाळला. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा असतो, एवढं मलाही माहीत होतं. पण वाटलं, थंडी आहे, आजीला त्रास नको म्हणून केलं असेल. बोलले नाही.

दुसऱ्या महिन्यात आईला थकवा यायला लागला. वॉकर धरून संडासपर्यंत जाताना दोनदा थांबायची. रक्ताचा रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन १२.१, बाकी सगळं नॉर्मल. "वयाचा अशक्तपणा आहे, ताकदीचं सलाईन लावू," ते म्हणाले. एका बाटलीचे १,५०० रुपये, पॅकेजच्या बाहेर. सलाईनमध्ये व्हिटॅमिनचं इंजेक्शन मिसळलं की बाटली पिवळीधमक दिसते. आईला त्या पिवळ्या बाटलीवर फार विश्वास बसला. फोनवर सांगायची, "आज पिवळं लावलं, आता बघ कशी उभी राहते." तीन आठवड्यांत सहा बाटल्या झाल्या.

नॉर्मल सलाईन म्हणजे पाण्यात ०.९ टक्के मीठ. ५०० मिलीच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम. धडधाकट माणसानेही दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथे वरणात चिमूटभर मीठ कमी घालायला मावशीला रोज बजावणारी मी, आणि माझ्या आईच्या शिरेत सहा बाटल्यांतून सत्तावीस ग्रॅम मीठ आणि तीन लिटर पाणी गेलं. पैसे मीच भरले.

शनिवारी रात्री दीड वाजता मावशीचा फोन आला. "ताई, आजींना आडवंच होता येत नाहीये, बसून बसून श्वास घेतायत." १०८ ची रुग्णवाहिका आली, त्या मुलांनी स्ट्रेचरवरून जिना उतरवला. मी पहाटे पोचले तेव्हा आईच्या तोंडाला मास्क होता. तिथल्या तरुण डॉक्टरणीने आईच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, म्हणजे अंगात पाणी साठलं होतं. "सलाईन कोणी दिलं यांना?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता. आईचं हिमोग्लोबिन त्या दिवशी ८.९ आलं. ज्या थकव्याला वयाचा अशक्तपणा म्हटलं होतं, तो अंगात रक्त नसल्याचा होता. कुठून रक्त जातंय, लोह का कमी झालं, हे आधीच शोधता आलं असतं.

आयसीयूत जुने कागद मागितले म्हणून मी घरी जाऊन कंपनीची निळी फाईल काढली. त्या दिवशी रविवार होता, ८ तारीख. आत व्हिजिटचा तक्ता होता. तारीख, वेळ, बीपी, शुगर, ऑक्सिजन, शेरा, खाली मावशीची सही. सगळ्यात खालच्या दोन ओळी होत्या १२ आणि १९ तारखेच्या. १२ तारीख, सकाळी सव्वाअकरा, बीपी १३०/८०, शुगर १४२, पेशंट स्टेबल. १९ तारीख, बीपी १२८/८०, पेशंट स्टेबल. पुढच्या दोन गुरुवारांचं माझ्या आईचं रक्तदाब-साखर आधीच लिहून ठेवलेलं होतं, आणि ती त्या क्षणी आयसीयूत होती. मी जमिनीवर बसले.

मावशीला विचारलं. ती म्हणाली, "ते म्हणायचे, चार सह्या एकदम करून ठेवा, दर वेळी तुम्हाला त्रास नको." मावशीला इंग्रजी वाचता येत नाही. तिला मी कधीच दोष देणार नाही.

मग शुगरचं मशीन आठवलं. ग्लुकोमीटर मागच्या तपासण्या तारखेसकट साठवून ठेवतं. बटण दाबत मागे गेले. तक्त्यात नऊ रीडिंग होती, मशीनमध्ये तीन. पंचवीस पट्ट्यांच्या डबीत बावीस शिल्लक, आणि नऊ पट्ट्यांचे पैसे बिलात लावलेले. रक्ताच्या दोन्ही रिपोर्टवर सही नव्हती, नुसता कंपनीचा शिक्का. रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. मी तो कागद तीनदा हातात घेतला होता, आकडे वाचले होते, खाली कोणाची सही आहे हे बघितलं नव्हतं.

प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक होता. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तो टाकला तर दुसऱ्याच डॉक्टरांचं नाव आलं. एवढं बघायला मला दोन मिनिटं लागली. ही दोन मिनिटं मी पैसे भरायच्या आधी द्यायला हवी होती. तुमच्याकडे येणारे डॉक्टर आयुर्वेदाचे किंवा होमिओपॅथीचे असतील तर त्यांच्या परिषदा वेगळ्या आहेत, तिथे नोंद बघा. घरी सलाईन किंवा इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते, तीही विचारा. खरा माणूस नंबर विचारला म्हणून रागावत नाही. आणि हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला कोणी ताकदीचं सलाईन सुचवलं, तर नेहमीच्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय सुई टोचू देऊ नका.

कंपनीला फोन केला तेव्हा आधी म्हणाले, ते आमचे असिस्टंट होते, मुख्य डॉक्टर ऑनलाइन बघायचे. पैसे परत मागितले तर फोन उचलणं बंद झालं. भाऊ म्हणाला, सोड, आई वाचली ना. मला सोडवेना, कारण मार्केटिंगच्या माणसानेच मला सांगितलं होतं की आमच्या परिसरात त्यांची चाळीस घरं आहेत. त्या घरांतली मुलंही माझ्यासारखीच लांब असणार.

आई नऊ दिवसांनी घरी आली. आता जवळचे एक एमडी डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, एका वेळचे १,००० रुपये घेतात, आगाऊ काही नाही. मधल्या काळात ते व्हिडिओवर बघतात. त्यांनी पहिल्या दिवशी पॅकेज नाही, वजनकाटा आणायला लावला. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी आई वॉकर धरून काट्यावर उभी राहते आणि मावशी आकडा वहीत मराठीत लिहिते. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाय सुजायची वाट न बघता फोन करायचा. बीपीच्या मशीनच्या पडद्याचा फोटो मावशी मला पाठवते, नुसता लिहिलेला आकडा मी आता घेत नाही.

आईला बरेच दिवस खरं सांगितलं नव्हतं. मागच्या महिन्यात ती म्हणाली, "जरा थकल्यासारखं वाटतंय गं, त्या पिवळं सलाईन देणाऱ्या डॉक्टरांना बोलव ना." तेव्हा तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. "माझ्या वर्गातल्या मुलांची नावं पाठ होती त्यांना," एवढंच म्हणाली.

तक्रार पोलीस ठाण्यात आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे दिली आहे. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेले आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला होता, तक्रार कशी मांडायची ते तिथे नीट समजावून सांगितलं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही वेगळी हेल्पलाइन आहे. फाईलचा मूळ तक्ता मी कोणालाही दिलेला नाही, सगळीकडे झेरॉक्सच दिली. कंपनीचा माणूस मध्ये एकदा "रेकॉर्ड अपडेट करायचंय" म्हणून ती फाईल मागायला घरी आला होता. मावशीने दार उघडलं नाही.