ओपीडीतला तो क्यूआर कोड : ‘स्कॅन अँड शेअर’ला माझ्याकडून साडेतीन स्टार

आधीच सांगते, मी डॉक्टर नाहीये आणि सॉफ्टवेअरवालीही नाही. हॉस्पिटलात कॉम्प्युटर आला की तिथल्या माणसांच्या कामाचं काय होतं ते बघायचं, लिहायचं आणि मग वर्गात शिकवायचं, एवढ्यावर माझं पोट चालतं. हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स म्हटलं की लोकांना वाटतं एसीत बसून कोडिंग करत असेल. प्रत्यक्षात माझी बरीचशी नोकरी केसपेपरच्या खिडकीजवळ वही धरून उभं राहण्यात जाते, आणि खिडकीतला क्लार्क हमखास विचारतो, “मॅडम, तुम्ही ऑडिटच्या का?” शिवाय आईच्या गुडघ्यांपायी मी त्याच रांगेत नातेवाईक म्हणूनही असते, त्यामुळे हा रिव्ह्यू दोन्ही बाजूंनी आहे. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलची ओपीडी समजा, बाकीच्या फार वेगळ्या नसतात.

तर सेवा काय आहे ते थोडक्यात. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये ज्याला हवा त्याला १४ आकडी आभा नंबर मिळतो, म्हणजे आपल्या आरोग्याच्या नोंदींचा ओळख नंबर. फोनवर आभाचं अ‍ॅप टाकायचं, हॉस्पिटलात भिंतीवर लावलेला क्यूआर कोड स्कॅन करायचा, आपलं नाव, वय, लिंग, पत्ता, मोबाइल शेअर करायला हो म्हणायचं की स्क्रीनवर टोकन नंबर येतो, तो खिडकीवर सांगितला की क्लार्ककडे माहिती आधीच आलेली असते, त्याने बटण दाबायचं आणि केसपेपर प्रिंट होऊन हातात. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात सुरू झालं, मग देशभर पसरलं. पैसे लागत नाहीत, आणि आभा काढणं सक्तीचं नाहीये, हे खिडकीवर कुणी दटावलं तरी लक्षात ठेवा.

आता चांगलं काय ते आधी, कारण टीका करायला आम्ही रिसर्चवाले नेहमीच तयार असतो.

सगळ्यात मोठा फायदा वेळेचा नाही, नावाचा आहे. हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. खिडकीच्या काचेला ते छोटं गोल भोक असतं, मागे गर्दीचा गलका, पेशंट पलीकडून ओरडतो “गायकवाड”, क्लार्क आतून कधी एका स्पेलिंगने टाकतो कधी दुसऱ्या, वय “असंल की पन्नास-पंचावन”, पत्ता फक्त गावाचं नाव. पुढच्या वेळी तोच पेशंट जुना कागद घरी विसरून आला की सर्चमध्ये सापडत नाही, मागे रांग बोंबलत असते, मग क्लार्क काय करणार, नवीन नंबर. असे एकाच माणसाचे तीन-तीन नंबर मी रजिस्टरमध्ये बघितलेत, म्हणजे जुना एक्स-रे एका नंबरवर, रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्यावर आणि बाई तिसऱ्या नंबरचा कागद घेऊन डॉक्टरपुढे उभी. स्कॅन अँड शेअरने नाव आधारवरचं जसंच्या तसं येतं, त्यामुळे निदान इथून पुढे तरी ही भानगड कमी होते. आधारवरची जन्मतारीख कितपत खरी हा वेगळा विषय, आपल्याकडे १ जानेवारीला जन्मलेली माणसं किती आहेत ते कुठल्याही ओपीडीत बघा. आणि आधीचे जे डबल-टिबल नंबर पडलेत ते आपोआप एक होत नाहीत, ते एमआरडीत, म्हणजे हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात, बसून कुणीतरी हाताने जुळवायला लागतात आणि त्या कामाला वेगळा माणूस दिलेला मला तरी दिसला नाही.

खिडकीवरचं काम खरंच पटकन होतं. फोन हाताळता येणारा, आधारला मोबाइल नंबर जोडलेला, अ‍ॅप आधीच घरून टाकून आलेला माणूस असेल तर काही बोलायची सोयच नाही, पूर्ण पाच स्टार.

पण असा माणूस त्या रांगेत किती? क्यूआरच्या बोर्डाशेजारी एक टेबल असतं, तिथे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक पोरगा, हातात स्वतःचाच फोन, पॉवर बँकेची वायर खिशातून लोंबतेय. त्याचं काम ऐका. “आजी, आधारला कुठला नंबर दिलाय?” “नंबर लेकाकडंय, तो चाकणला ड्युटीवर गेलाय.” मग लेकाला फोन, तो कंपनीच्या गोंगाटात, “दादा, तुम्हाला ओटीपी आला असेल तो सांगा जरा.” आणि लेक ठाम नकार देतो, कारण त्याला बँकेने हजार वेळा बजावलंय की ओटीपी कुणालाही सांगायचा नाही! बरोबरच आहे की त्याचं. मग आजी स्वतः फोनवर बोलणार, “आरं मी हाय, दवाखान्यात हाय, सांग त्यांला,” तेव्हा कुठे सहा आकडे मिळतात. हा पोरगा सकाळभर हेच करतो. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्यांचं स्कॅनही तोच आपल्या फोनवरून करून देतो. संध्याकाळी वर जाणाऱ्या आकड्यात हे सगळं ‘पेशंटने स्वतः केलेलं डिजिटल रजिस्ट्रेशन’ म्हणून मोजलं जातं, त्या पोराचं नाव कुठेच नाही. तो काँट्रॅक्टवर असतो. ज्या दिवशी तो रजेवर असतो त्या दिवशी बोर्ड नुसता भिंतीवर असतो आणि रांग जुन्या खिडकीला. म्हणून माझं मत असं की ही सेवा रेट करायची तर अ‍ॅपला नंतर, आधी त्या टेबलाला स्टार द्या.

दुसरा गोंधळ कार्डांचा. आभा कार्ड वेगळं आणि पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात ते आयुष्मान कार्ड वेगळं, दोन्हींत आयुष्मान, त्यात आपल्याकडे महात्मा फुले योजनाही आहेच. लोक दोन तास थांबून आभा काढतात आणि एमआरआयच्या काउंटरवर ते पुढे करतात की घ्या, आता फुकट करा. तिथली सिस्टर वैतागते, पेशंट हिरमुसतो. एक मराठीतला मोठा फलक लावला असता, ‘या कार्डावर पैसे मिळत नाहीत’, तर अर्धी भांडणं मिटली असती.

रांगेचं म्हणाल तर ती संपत नाही, पुढे सरकते. खिडकीवर वाचलेला वेळ तुम्ही ऑर्थोच्या दाराबाहेर बाकड्यावर घालवता. डॉक्टर तेवढेच, खोल्या तेवढ्याच, मामा, म्हणजे दारावरचा वॉर्डबॉय, केसपेपरचा गठ्ठा आत नेतो आणि वरून हाक मारतो, त्या गठ्ठ्यात तुमचा कागद खाली आहे की वर यावर सगळं. टोकन नंबरचा आणि डॉक्टरकडच्या नंबराचा काही संबंध नाही, हे मात्र आधी सांगायला हवं होतं, आई खिडकीवरचं टोकन घट्ट धरून बसली होती.

आणि मुख्य मुद्दा म्हणजे रेकॉर्ड. जाहिरातीत असं वाटतं की सगळे कागद आता फोनात. तसं ते नाही. मुळात ही रचना अशी आहे की तुमचे रिपोर्ट कुठल्या एका सरकारी कॉम्प्युटरमध्ये जात नाहीत, जिथे तयार झाले त्या हॉस्पिटलातच राहतात आणि तुमची परवानगी असेल तर दुसरीकडे दिसतात. कल्पना मला मनापासून आवडते. पण त्यासाठी हॉस्पिटलात काहीतरी डिजिटल तयार तर व्हायला पाहिजे ना! डॉक्टर केसपेपरवर पेनाने लिहितात, त्यामुळे आईच्या अ‍ॅपमध्ये भेटीची नोंद आहे आणि आत काही नाही. पुण्यात सीडॅक या सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्थेत आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आहे, कुठली माहिती कुठल्या साच्यात पाठवायची याचे नियम तिथे बारकाईने लिहिले जातात, आणि तिथून ओपीडीच्या टेबलापर्यंत मध्ये एक बॉलपेन आडवा येतो.

यावर साहेब लोकांचं ठरलेलं म्हणणं, डॉक्टर आळशी आहेत. इथे माझ्यातली मास्तरीण जागी होते. हॅरॉल्ड गार्फिंकेल नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६७ सालीच एका अमेरिकन क्लिनिकचे अर्धवट रेकॉर्ड बघून मांडलं होतं की खराब नोंदींमागे त्या कामाच्या रचनेतली चांगली कारणं असतात. पेशंटमागे जेमतेम दोन-तीन मिनिटं असलेला रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) टाइप करत बसला तर बाहेर दंगल होईल. आणि घाईने लादलं की काय होतं तेही माहितीये. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय हॉस्पिटलने करोडोंची ऑर्डर सिस्टिम, म्हणजे डॉक्टरांनी औषधं-तपासण्या कॉम्प्युटरवर लिहायची व्यवस्था, डॉक्टरांच्या विरोधामुळे २००३ साली बंद केली. २००५ साली पेनसिल्व्हेनियाच्या संशोधकांनी दाखवलं की अशाच एका सिस्टिममुळे औषधांच्या चुकांचे २२ प्रकारचे धोके तयार झाले, एकाच पेशंटची माहिती वेगवेगळ्या स्क्रीनवर विखुरलेली वगैरे. म्हणून मी तर म्हणते, आपल्याकडे पहिल्यांदा फक्त रजिस्ट्रेशन डिजिटल केलं हे शहाणपणाचं केलं, डॉक्टरच्या पेनाला लगेच हात घातला नाही. लॅबचे रिपोर्ट मशिनमधून तसेही डिजिटलच निघतात, पुढची पायरी ती असायला हवी, पण त्याबद्दल मीटिंगमध्ये बोललं की सगळे रजिस्ट्रेशनचे आकडे दाखवणाऱ्या डॅशबोर्डाकडे बघायला लागतात.

(या विषयात करिअर करू का असं विचारणाऱ्या पोरांसाठी : करा, पण एथिक्स कमिटीच्या परवानगीची वाट बघायची सवय लावून घ्या, आणि आठवडाभर खिडकीशेजारी उभं राहून जे कळतं त्याला ‘डेटा’ म्हणायला कॉलेजात भांडायची तयारी ठेवा.)

तर कटिंग कसं ते बघा : दीड स्टार कापला, एक स्मार्टफोन नसलेल्यांसाठी त्या टेबलावरच्या पोराशिवाय काहीच सोय नाही म्हणून, अर्धा तो मराठी फलक लावला नाही म्हणून. वापरायचं असेल तर अ‍ॅप आणि आभा घरूनच करून निघा, हॉस्पिटलच्या तळमजल्यावर नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. आधारला जोडलेलं सिम ज्या फोनमध्ये आहे तो माणूस किंवा तो फोन बरोबर असू द्या. सकाळी लवकर गेलात तर टेबलावरचा पोरगा मोकळा सापडतो. आणि काहीही झालं तरी जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे सगळं पिशवीत घालून न्या, डॉक्टर अजून तेच मागतात.