जिप्सीत एमपीएफआय इंजिन बसवताय? मग पेट्रोल कुठल्या पाइपातून नेणार?

एमपीएफआय म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं इंजिन. ते मिळतं, त्याचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) मिळतो, वायरिंगवालाही सापडतो. टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल कशातून न्यायचं, हे मात्र सगळ्यात शेवटी आठवतं. कार्बोरेटरच्या जुन्या जिप्सीत मारुती एस्टीमचं १.३ लिटरचं एमपीएफआय बसवताना माझंही तेच झालं. (आरटीओची परवानगी इंजिन उतरवायच्या आधी घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे.)

कार्बोरेटरचा पंप जेमतेम ०.२ ते ०.३ बार दाब देतो. एमपीएफआयला साधारण ३ बार लागतो, म्हणजे दहापट. जुन्या लाइनीचा सांधा सैल झाला तर पेट्रोल पाझरायचं, वास यायचा, आपण क्लिप आवळायचो. नव्या दाबाला तोच सांधा फवारा मारतो, आणि शेजारी तापलेला सायलेन्सरचा पाइप असतो.

सांगलीत हा विषय काढला की पहिला सल्ला ठरलेला. आमचे मिस्त्री म्हणाले, "कशाला डोकं लावताय? जेसीबीचा पाइप घाला. दोन-तीन हजार पीएसआय झेलतोय त्यो, तुमचं तीन बार म्हणजे कोण पाव्हणं?" दाबाचं गणित बरोबर आहे, पण पाइप दाबाने कमी आणि पेट्रोलने जास्त मरतो. जेसीबीच्या त्या हायड्रॉलिक होजच्या (लवचिक नळीच्या) आतला रबर तेलासाठी बनवलेला असतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांच्या मळीतून आलेलं. त्यात हा रबर फुगतो, मऊ पडतो, पुढे वाळून तडकतो आणि त्याचे कण फिल्टरात, इंजेक्टरात जाऊन बसतात. कॉम्प्रेसरची निळी पीयू (पॉलियुरेथेन) नळी तर हातातही घेऊ नका.

आता खरे पर्याय.

लोखंडी पाइप, जस्त आणि वर प्लॅस्टिकचा थर असलेला, ८ मिमी. उष्णता सोसतो, दगड सोसतो, आणि उसाच्या पट्ट्यात गाडी लावणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याला उंदीर कुरतडत नाही. ब्रेक पाइप बनवून देणारा कारागीर बेंडरने तो हवा तसा वळवून देतो. वैरी एकच, गंज. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर पाइप आतून गंजतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात गाडी बुडाली असेल तर जुनी लाइन वापरूच नका. टोकाला गोल उंचवटा करून घ्या, कारण सरळ कापलेल्या टोकावरून होज निसटतो. फ्लेअरचा, म्हणजे पाइपाचं टोक कर्ण्यासारखं पसरवून केलेला सांधा असेल तर कोन विचारा. ब्रेक पाइपाचा फ्लेअर ४५ अंशाचा असतो आणि (जाळीच्या होजला लागणाऱ्या) एएन फिटिंगचा ३७ अंशाचा. दोन्हींची जोडी कितीही आवळली तरी गळते.

तांबे-निकेलचा पाइप हाताने वळतो, गंजत नाही, पण महाग आहे आणि मागवावा लागतो. त्याऐवजी एसीवाल्याकडचा शुद्ध तांब्याचा पाइप घालायचा मोह आवरा. तो हादऱ्याने कडक होऊन तडकतो, शिवाय तांब्यामुळे पेट्रोलचा चिकटा लवकर धरतो.

नायलॉन कंपन्या स्वतः वापरतात, म्हणून लोकांना वाटतं हेच उत्तम. हलका, न गंजणारा, सगळं खरं. पण कंपनीत त्याचे सांधे साच्याने बसवतात आणि आपल्याकडे लायटरने शेकून. तिथेच तो मरतो. एस्टीमचं इंजिन घेताना तिकडचे क्विक कनेक्टर (दाबून बसणारे सांधे) शाबूत मिळाले आणि लाइन सायलेन्सरपासून लांब नेता आली तरच विचार करा. उंदरांचं वर आलंच आहे.

स्टीलच्या जाळीचा ब्रेडेड होज. बॉनेट उघडल्यावर चार लोक मान डोलावतात, हा त्याचा खरा उपयोग. वरून सगळे सारखे दिसतात. आत रबर आहे की पीटीएफई (टेफ्लॉन) हे महत्त्वाचं. घ्यायचाच तर पीटीएफई घ्या, तोही कार्बन मिसळलेला, म्हणजे पेट्रोलच्या घर्षणाने साचणारी वीज निघून जाते. जाळी ज्याला घासते त्याला करवतीसारखी कापते, मग ती वायर असो वा बॅटरीचा केबल. साध्या १.३ इंजिनाला टाकीपासून पुढपर्यंत हा घालणं म्हणजे फिटिंगांवर पैसे उधळणं.

रबर होज कुठल्याही पर्यायात थोडा लागतोच, कारण इंजिन हलतं आणि चॅसी हलत नाही. मी फसलो ते इथेच. घाईत हाताशी असलेला कार्बोरेटरचा, एसएई जे३० आर७ (पेट्रोलच्या होजचा दर्जा सांगणारा छाप) छापलेला तुकडा घातला. आठेक महिन्यांत सकाळी गॅरेजचं दार उघडलं की पेट्रोलचा भपकारा यायचा. पाइप फुटला नव्हता, नुसता घामेजला होता. इंजेक्शनसाठी आर९ लागतो. छाप वाचून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर नको. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडणारा तुकडा मात्र आर१०च हवा, कारण आर९ आतून टिकतो, बाहेरून नाही. क्लिपही इंजेक्शनची, कडा दुमडलेली घ्या. दातेरी फटीची साधी क्लिप रबरात घुसते.

माझी निवड: खालून पूर्ण लांबी लोखंडी, रिटर्न (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी लाइन) ६ मिमी लोखंडी, दोन्ही टोकांना हातभर आर९. दर फूट-दीड फुटावर रबरी अस्तराची पट्टी. गाडी वर्षातून चार वेळा निघणार असेल तर लोखंडाऐवजी तांबे-निकेलचे पैसे मोजा. पेट्रोलचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर इंजिनावर असेल तर रिटर्न लाइन टाळता येत नाही, आणि कार्बोरेटरचा पारदर्शक प्लॅस्टिक फिल्टर प्रेशरच्या बाजूला चालत नाही. तिथे धातूचाच.

सगळं जोडल्यावर लगेच सेल मारू नका. तीन-चार वेळा नुसती चावी ऑन करून पंपाला दाब धरू द्या आणि प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपर लावून बघा. मग एक चक्कर मारून इंजिन तापवा, रात्रभर गाडी बंद दारात ठेवा आणि सकाळी दार उघडताना आधी नाकाला विचारा.