मुलांच्या हातात द्यायला हजार वॉटची ड्राय इस्त्री

मुलांनी आपले कपडे आपण धुवावेत, यावर सहसा कोणी हरकत घेत नाही. मोजे-रुमाल धुणं, शर्टाची कॉलर ब्रशने घासणं आठ-नऊ वर्षांच्या मुलांना जमतं. सेमी-ऑटोमॅटिक मशीन असेल तर ड्रायर पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, एवढं पाळलं की झालं. घोडं अडतं ते इस्त्रीपाशी, आणि ते बरंचसं घरात कोणती इस्त्री आहे यावर असतं.

दुकानात साधारण ५०० ते १,००० रुपयांत मिळणारी हलकी ड्राय इस्त्री मुलांसाठी सर्वांत बरी. ७५० किंवा १,००० वॉट, नॉनस्टिक तळ, वजन किलोच्या आसपास. हजार वॉटला साडेचार अँपियरच्या आत वीज लागते, म्हणजे ६ अँपियरच्या साध्या सॉकेटवर ती चालते. घेताना आयएसआय खूण आणि तीन पिनांचा प्लग बघा. दोन पिनांचं अॅडॉप्टर लावलं की अर्थिंग गेलंच म्हणायचं.

स्टीम इस्त्री मुलांना नकोच. कॉलर ताणून धरलेल्या बोटांवर वाफ येते, आणि तापमान कमी असताना वाफेऐवजी गरम पाणी ठिबकतं. बोअरचं पाणी वापरलं तर भोकांत क्षार साचतात आणि त्याचा पांढरा चुरा नेमका निळ्या पँटवर पडतो.

ड्राय इस्त्रीचा खरा दोष तिचा हलकेपणा. कपडा कडकडीत वाळला असेल तर कितीही फिरवा, सुरकुती हलत नाही. मग मुलं डायल पूर्ण फिरवतात आणि कपडा जाळतात. उपाय साधा आहे: कपडा किंचित दमट असतानाच काढायचा, किंवा पाणी शिंपडून गुंडाळून दहा मिनिटं ठेवायचा. वजनाचं काम ओलावा करतो.

डायलवर एक टिंब म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. शाळेचा गणवेश बहुतेक टेरिकॉटचा असतो, त्याला दोन टिंबं पुरतात. दिवा पहिल्यांदा विझला की लगेच सुरुवात करू नये. थर्मोस्टॅटने वीज तोडली तरी कॉइलमधली उष्णता तळात उतरतच राहते, त्यामुळे पहिल्या फेरीत तळ ठरल्यापेक्षा जास्त तापतो. दिवा पुन्हा लागून पुन्हा विझू द्यावा.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते कपड्यांचा क्रम चुकल्यामुळे. ही इस्त्री दोन-तीन मिनिटांत तापते, पण थंड व्हायला बराच वेळ घेते. आधी सुती शर्ट केला, मग डायल खाली आणून लगेच पीटीचा नायलॉनचा ड्रेस घेतला की तो तळाला चिकटलाच. म्हणून आधी पीटीचा ड्रेस आणि टाय, मग टेरिकॉट, शेवटी सुती. टायवर मलमलचा तुकडा ठेवावा. गडद पँट उलटी करून करावी, नाहीतर गुडघ्यावर चकाकी येते आणि ती धुऊनही जात नाही.

शर्टाची सुरुवात कॉलरच्या आतल्या बाजूने, टोकांकडून मध्याकडे. मध्यातून टोकाकडे गेलं की कापड पुढे सरकून टोकाशी चुणी पडते, आणि ती एकदा दाबली गेली की पुन्हा ओलं केल्याशिवाय निघत नाही. त्यानंतर खांदा, कफ, बाह्या, मग पुढचे दोन भाग आणि शेवटी पाठ. बटणांवरून जायचं नाही, बटणांमधून टोक फिरवायचं. भरतकामाचा बॅज उलट बाजूने. पिनाफोरच्या प्लेट्स खाली चिमट्याने धरून ठेवल्या तर एकट्या मुलीलाही जमतात.

टेबलाची उंची मुलांच्या कोपराखाली हवी, म्हणजे साधारण अकरा-बारा वर्षांपासून सुरुवात करायला हरकत नाही. फोमच्या गादीवर मुळीच नको. सोलापुरी चादरीच्या दोन घड्या आणि तिची वीण उमटू नये म्हणून वर साधं सुती कापड, हे उत्तम. पायात चप्पल, हात कोरडे. प्लग काढायच्या आधी बटण बंद, आणि वायर इस्त्री पूर्ण थंड झाल्यावरच सैल गुंडाळायची. या स्वस्त इस्त्र्यांची वायर बहुतेक वेळा मुठीच्या तोंडाशीच तुटते, कारण तिथेच ती करकचून वळवली जाते.

चटका बसलाच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, हळदही नाही.

खळीच्या साड्या, खादीचे झब्बे किंवा पडदे हिच्याकडून होणार नाहीत. ते इस्त्रीवाल्याकडेच द्यावेत.