मागे हटायचं की पाय रोवायचे?

अमेरिकेतले स्वसंरक्षणाचे दोन कायदे शेजारी ठेवून पाहा. न्यूयॉर्कमध्ये घराबाहेर कुणी अंगावर आलं आणि सुखरूप निघून जाणं शक्य असेल, तर जीव घेण्याआधी निघून जायलाच हवं. फ्लोरिडाने २००५ मध्ये ही अट काढली. जिवाची रास्त भीती पुरेशी ठरली. संकटात पळवाट शोधायला वेळ कुठे असतो, हे समर्थकांचं म्हणणं पोकळ नाही.

पण ‘रास्त’ भीती कुणाची? २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या सॅनफर्डला १७ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय ट्रेव्हॉन मार्टिन जॉर्ज झिमरमनच्या गोळीने मारला गेला. खटल्याआधीच सुटका मिळवून देऊ शकणारी, या कायद्याखालची वेगळी सुनावणी झिमरमनच्या बचाव पक्षाने मागितली नव्हती. तरी मागे हटण्याचं बंधन नाही, हे ज्युरीला सांगितलं गेलं. आरोपी निर्दोष सुटला. त्याच राज्यात मरिसा अलेक्झांडर या कृष्णवर्णीय स्त्रीने, नवऱ्याच्या भीतीपोटी, इशाऱ्याची गोळी झाडली. कुणालाही लागली नाही. तिला या कायद्याचं संरक्षण नाकारलं आणि २० वर्षांची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती रद्द झाली.

मला न्यूयॉर्कचा नियम बरा वाटतो. पूर्वग्रह तिथल्या ज्युरीतही असतात, पण ‘निघून जाता येत होतं का?’ हा प्रश्न तिथे विचारावाच लागतो.